विभेदक दंतचक्रमाला, मोटारवाहनांची

मोटारवाहनाच्या चालक आसावरील दोन चाकांना एंजिनाची शक्ती पुरवीत असतानाच ती चाके परस्परांहून भिन्न वेगाने फिरू देणाऱ्या दंतचक्रांच्या संचास विभेदक दंतचक्रमाला किंवा नुसते विभेदक म्हणतात. कारखान्यांत व दैनंदिन व्यवहारात ‘डिफरन्शियल’ हाच शब्द रूढ आहे. ज्या पोलादी पेटीत विभेदक बसविलेला असतो, तिच्यातच किरीट चक्र (मोठे दंतचक्र) व पिनियन (त्याला फिरविणारे लहान दंतचक्र) यांची जोडी असते. या जोडीमुळे चालक दंडाची गती काटकोनात वळते व त्याच वेळी कमी होऊन परिबल वाढते. पक्क्या सडकेवरील मोटारीत या दोन्ही भागांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चिखल, वाळू, नदीपात्र व घाटातील कच्च्या वाटा यांवरून जाणाऱ्या वाहनाची क्षमता मात्र एंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षाही यांवरच अधिक अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत विभेदकाचे कार्य, जीपसारख्या वाहनांत त्यात व दंतगुणोत्तरांत होत गेलेल्या सुधारणा आणि मुंबईच्या शिवडी–माझगाव पट्ट्याशी निगडित असलेला त्यांचा भारतीय इतिहास यांचा विचार केला आहे.

तत्त्व व कार्य : वळण घेताना वाहनाचे बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. दोन्ही चाके एकाच अखंड आसावर घट्ट बसविली, तर त्यांपैकी एकाला घसरावे लागते. परिणामी टायर झिजतात व आसावर पीळ पडतो. हा दोष टाळण्यासाठी आसाचे दोन अर्ध करून त्यांच्या आतील टोकांना शंकुदंतचक्रे बसवितात आणि त्यांच्यामध्ये, किरीट चक्राबरोबर फिरणाऱ्या पिंजऱ्यात, लहान उपग्रही दंतचक्रे ठेवतात. वाहन सरळ जात असता उपग्रही चक्रे स्वतःभोवती फिरत नाहीत व सर्व संच एकजीव फिरतो. वळणावर ती स्वतःभोवती फिरू लागतात आणि एका चाकाची गती जितकी कमी होते तितकीच दुसऱ्याची वाढते. दोन्ही चाकांच्या गतींची सरासरी नेहमी पिंजऱ्याच्या गतीइतकीच राहते.

या रचनेचा गुण हाच तिचा दोषही आहे. साधा विभेदक दोन्ही चाकांना जवळजवळ समान परिबल देतो. एक चाक चिखलात रुतून त्याचा विरोध नाममात्र उरला, तर कोरड्या जमिनीवरील दुसऱ्या चाकासही तितकेच नाममात्र परिबल मिळते. मग रुतलेले चाक पिंजऱ्याच्या दुप्पट वेगाने नुसतेच गरगरते, दुसरे जागीच उभे राहते आणि एंजिनात पुरेशी शक्ती असूनही वाहन पुढे सरकत नाही. कच्च्या वाटेवरील वाहनांच्या विभेदकात ज्या सुधारणा झाल्या, त्या सर्वांच्या मुळाशी हीच एक अडचण आहे.

पूर्वेतिहास : रस्त्यावरील वाहनासाठी विभेदकाचे एकस्व फ्रेंच यंत्रज्ञ ओनेझिफोर पेकर यांनी १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी घेतले. इंग्लंडमध्ये रिचर्ड रॉबर्ट्‌स यांनी १८३२ मध्ये व जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये तीनचाकी सायकलीसाठी तशीच योजना केली. कार्ल बेंझ यांच्या १८८५ च्या तीनचाकी मोटारीतही विभेदक होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत दंतचक्रे कापण्याच्या यंत्रांत मोठी प्रगती झाली. सरळ दात्यांच्या शंकुदंतचक्रांची जागा प्रथम सर्पिल दात्यांच्या चक्रांनी व १९२५ नंतर हळूहळू हायपॉइड चक्रांनी घेतली. हायपॉइड जोडीत पिनियनचा अक्ष किरीट चक्राच्या मध्यापासून थोडा सरकलेला असतो. त्यामुळे दाते मोठे, चाल शांत व ताकद अधिक मिळते. पण दाते एकमेकांवर घासतही असल्याने या जोडीस उच्च दाबाखाली टिकणारे खास वंगण लागते.

शिवडीतील जुळणी कारखाना : भारतातील मोटार जुळणीचा आरंभ शिवडी येथे झाला. १९१० मध्ये कुर्ला–रे रोड हा बंदरालगतचा लोहमार्ग सुरू झाला होता. १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी व १९१५ मध्ये पोर्ट ट्रस्टचा स्वतःचा लोहमार्ग सुरू झाला. माझगाव–शिवडी किनाऱ्यालगत भर घालून मिळविलेल्या सपाट जमिनीवर वखारी, तेलाच्या टाक्या व कारखाने उभे राहिले. अमेरिकेतून येणाऱ्या मालाच्या पेट्या उतरवून लगोलग कामास लावण्यास ही जागा सोयीची होती. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९२८ मध्ये येथे कारखाना उघडला व त्याच वर्षाच्या अखेरीस शेव्हरोले मोटारींची जुळणी सुरू केली. पुढे येथून मोटारींबरोबर ट्रक व बसगाड्यांचे सांगाडेही बाहेर पडू लागले. फोर्ड कंपनीनेही काही वर्षांतच मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे जुळणी आरंभिली.

सुट्या भागांच्या स्वरूपात आलेली मोटार बोटीत थोडी जागा व्यापे व तिच्यावरील खर्च कमी येई. शिवडीतील कामगारांच्या हाती मात्र तयार आस, तयार दंतचक्र पेटी व तयार एंजिन येई. किरीट चक्राचे दाते कापणे, त्यांवर उष्णतासंस्कार करून पृष्ठभाग कठीण करणे व जोडीतील दोन चक्रे एकमेकांवर घासून जुळवून घेणे ही कामे समुद्रापलीकडे झालेली असत. लालबाग–परळच्या गिरण्यांत फिटर, टर्नर व लोहारकाम करणारा कुशल कामगारवर्ग दोन पिढ्यांपासून होता; तथापि मोटारीच्या दंतचक्रांचे उत्पादन त्याच्या वाट्यास आले नाही. जुळणी व निर्मिती यांतील हा फरक पुढील पंचवीस वर्षांच्या वादाचा विषय ठरला.

संपूर्ण भारतीय मोटार कारखान्याची योजना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५-३६ च्या सुमारास मांडली व वालचंद हिराचंद यांनी ती पुढे नेण्याचा प्रयत्न केला. १९३७ मध्ये अधिकारावर आलेल्या मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाची तिला सहानुभूती होती. परंतु दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर भारत सरकारने या उद्योगास युद्धोपयोगी मानण्यास नकार दिला. वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी अखेर १९४४ मध्ये स्थापन झाली व तिचा कारखाना कुर्ला येथे उभा राहिला.

युद्धकाळात कच्च्या वाटेवरील वाहनांची भारताला खरी ओळख झाली. कॅनडात बनलेले, चारही चाकांना शक्ती पुरविणारे शेव्हरोले व फोर्ड लष्करी ट्रक पेट्यांतून भारतात येत आणि या कंपन्यांच्या भारतातील कारखान्यांत त्यांची जुळणी होई. पुढच्या आसातही विभेदक असलेली वाहने याआधी येथे फारशी कोणी पाहिलेली नव्हती. युद्ध संपल्यावर लष्कराने विकून टाकलेले ट्रक व जीपगाड्या नागरी वापरात आल्या आणि त्यांच्या दुरुस्तीचे ज्ञान लहान कार्यशाळांपर्यंत पोहोचले.

१९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीनुसार भारत सरकारने असे धोरण स्वीकारले की, टप्प्याटप्प्याने देशातच भाग बनविण्याचा कार्यक्रम ज्या कंपन्यांजवळ असेल त्यांनाच या व्यवसायात राहू द्यावे. नुसत्या जुळणीवर चालणाऱ्या कंपन्यांना हे मान्य होण्यासारखे नव्हते. भारतातील मागणी तेव्हा इतकी थोडी होती की, दाते कापण्याच्या महागड्या यंत्रांवर भांडवल गुंतविणे त्यांना परवडत नव्हते. १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला; फोर्डनेही याच सुमारास काम आवरते घेतले. पंचवीस वर्षे मोटारी जोडणाऱ्या या जागी मोटारीचा आस मात्र कधी बनला नाही. जकात धोरणाच्या समर्थकांना हेच त्या धोरणाचे प्रमुख कारण वाटे, तर स्पर्धा संपून ग्राहकास दीर्घकाळ जुनेच नमुने घ्यावे लागले, हा त्यावरील प्रमुख आक्षेप होय. पुढील इतिहासाने या दोन्ही मतांना काही प्रमाणात पुष्टी दिली.

जीपचे आगमन : शिवडीच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर असलेल्या माझगाव येथे दुसरी एक कथा आकार घेत होती. महिंद्र अँड महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलिस-ओव्हरलँड कंपनीच्या जीपगाड्या सुट्या भागांच्या स्वरूपात आणल्या व १९४९ मध्ये माझगाव येथे त्यांच्या जुळणीचा कारखाना सुरू केला. १९५४ पासून जीपचे भाग क्रमाक्रमाने येथेच बनविण्यास आरंभ झाला व काम कांदिवली येथे विस्तारले. १९५३ मध्ये अमेरिकेत आलेला ‘सीजे-३बी’ हा नमुना मुळात थोड्याफार फरकाने भारतात दीर्घकाळ बनत राहिला. लष्कर, पोलीस, वन व पाटबंधारे खाती, जिल्हा परिषदा व सहकारी साखर कारखाने यांच्या सेवेत असलेली जीप ग्रामीण महाराष्ट्रात शासनाच्या उपस्थितीचे जणू चिन्हच बनली.

दंतगुणोत्तरांतील बदल : युद्धकालीन जीप व नागरी जीप यांच्या दंतचक्रांची तुलना उद्‌बोधक आहे. युद्धकालीन ‘एमबी’ नमुन्यात पिनियनला ८ व किरीट चक्राला ३९ दाते असत. म्हणजे आसाचे गुणोत्तर ४·८८ होते. दंतचक्र पेटीतील पहिल्या गतीचे गुणोत्तर २·६७ व मंद मार्ग निवडण्याच्या संक्रमण पेटीचे १·९७ होते. या तिघांचा गुणाकार सुमारे २५·६ येतो. एंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असता अशी जीप सर्वांत मंद गतीत ताशी सुमारे १० किमी. वेगाने जाते. लष्कराच्या दृष्टीने हा वेग ठीक होता. नांगरटीसाठी तो जास्त होता.

युद्धानंतर शेतीस उपयुक्त म्हणून जीप विकावयाची ठरल्यावर विलिस कंपनीने तिन्ही ठिकाणी बदल केले. पिनियनचे दाते ८ ठेवून किरीट चक्राचे ४३ केले व आसाचे गुणोत्तर ५·३८ झाले. पहिली गती २·८० व संक्रमण पेटी २·४६ केली. गुणाकार ३७ झाला व त्याच २,००० फेऱ्यांना सर्वांत मंद वेग ताशी सुमारे ७ किमी. वर आला. चालक चाकावरील परिबल जवळजवळ दीडपट झाले. याची किंमत सडकेवर मोजावी लागली : सरळ गतीत २,००० फेऱ्यांना जुनी जीप ताशी सुमारे ५४ किमी. जाई, नवी सुमारे ४९ किमी. जाऊ लागली. सीजे-३बी या नमुन्यातही हीच गुणोत्तरे कायम राहिली. त्यामुळे घाटात भरवशाची असलेली जीप लांबच्या सपाट प्रवासात एंजिनाच्या घरघरीने प्रवाशांना का कंटाळवी, याचे उत्तर त्या ४३ दात्यांत सापडते.

गुणोत्तर बदलण्याची गरज पुढे तीन कारणांनी निर्माण झाली. पहिले, १९७५ पासून जीपमध्ये डिझेल एंजिने बसू लागली. डिझेल एंजिन कमी फेऱ्यांवर अधिक परिबल देते, पण त्याच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा सामान्यतः कमी असते. म्हणून त्यास आसाचे गुणोत्तर कमी ठेवणे सोयीचे ठरते. दुसरे, केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपगाड्या प्रवासी वाहतुकीस लागल्या. पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाड्यांना चिखलातील ओढीपेक्षा सडकेवरील चाल व इंधनाची बचत महत्त्वाची वाटे. तिसरे कारण याच्या उलट दिशेचे आहे. डोंगरवाटांवर हौसेने वाहन चालविणारे लोक मोठ्या व्यासाचे टायर बसवितात. मूळ टायरचा व्यास सुमारे ७२ सेंमी. असून त्याऐवजी ७९ सेंमी. व्यासाचा टायर घातला, तर ५·३८ गुणोत्तराचा आस प्रत्यक्षात ४·९० गुणोत्तराच्या आसासारखा वागतो. वाहन उंच होते, पण ओढ सुमारे एक-दशांशाने घटते. ही घट भरून काढण्यासाठी किरीट चक्र व पिनियन यांची अधिक गुणोत्तराची जोडी घालावी लागते.

चारही चाकांवर चालणाऱ्या जुन्या जीपमध्ये पुढचा व मागचा आस यांच्या दरम्यान विभेदक नसतो. म्हणून दोन्ही आसांची गुणोत्तरे सारखीच असावी लागतात. एकच आस बदलला, तर दोन्ही आस एकमेकांविरुद्ध ओढू लागतात व सर्वांत दुबळा भाग तुटतो. याच कारणाने पक्क्या सडकेवर चारही चाके जोडून वाहन चालवू नये, असा नियम आहे.

विभेदक रोधणाऱ्या योजना : साध्या विभेदकाचा वर सांगितलेला दोष घालविण्याचे दोन मार्ग आहेत. मर्यादित घसरणीच्या विभेदकात घर्षण तबकड्या अथवा विशिष्ट दंतचक्रे घालून दोन चाकांच्या गतींतील फरकास विरोध करतात. जर्मनीतील ऑटो युनियन कंपनीच्या शर्यतीच्या मोटारींत १९३०–४० या दशकात असा विभेदक वापरण्यात आला होता. दुसऱ्या प्रकारात दोन्ही अर्धआस पूर्णपणे जखडून एकजीव करतात. यास ‘लॉकर’ म्हणतात. काही लॉकर दात्यांच्या आपोआप गुंतणाऱ्या कड्यांनी, काही चालकाने सोडलेल्या दाबित हवेने, तर काही विजेने चालतात. जखडलेल्या विभेदकाने एक चाक हवेत असतानाही दुसऱ्यास पूर्ण परिबल मिळते. मात्र अशा स्थितीत वाहन वळण्यास नाखूश असते आणि सर्व भार एकाच अर्धआसावर येऊन तो पिळून तुटण्याचा संभव वाढतो. म्हणून लॉकर बसविताना अर्धआसाची जाडी व पोलादाची प्रत यांचाही विचार करावा लागतो.

यांत्रिक रीत्या आपोआप जखडणारा एक प्रकार १९७३ पासून जनरल मोटर्सच्या अमेरिकेतील हलक्या ट्रकांत आला. दोन चाकांच्या गतींतील फरक मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांहून अधिक झाला की, विभेदकातील लहान वजने केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेर फेकली जाऊन एका खिटीत अडकतात. त्यामुळे उतरणीच्या पृष्ठाचे चक्र सरकून घर्षण तबकड्या दाबते व विभेदक जखडला जातो. वाहनाचा वेग ताशी सुमारे ३० किमी. च्या वर गेल्यास ही यंत्रणा गुंतत नाही. याच जातीचा ईटन कंपनीचा विभेदक २०१५ मध्ये महिंद्र कंपनीच्या ‘थार’ या जीपवंशीय वाहनाच्या मागच्या आसात देण्यात आला व २०२० मधील नव्या थारमध्येही ती सोय ठेवण्यात आली. ज्या कंपनीने १९५४ मध्ये शिवडी सोडली, तिच्या ट्रकांत रूढ झालेली ही योजना माझगावात जुळणीने आरंभ केलेल्या कंपनीच्या वाहनात अशा रीतीने भारतात प्रचलित झाली. जनरल मोटर्स १९९४ नंतर भारतात पुन्हा आली. पुण्याजवळ तळेगाव येथे तिने २००८ मध्ये कारखाना काढला व २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबविले.

बसवणूक व परीक्षा : किरीट चक्र व पिनियन ही कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेली जोडी असते, त्यांपैकी एकच बदलता येत नाही. नवी जोडी बसविताना चार गोष्टी साधाव्या लागतात : पिनियनची खोली, त्याच्या धारव्यांवरील आरंभीचा दाब, दोन चक्रांच्या दात्यांतील मोकळीक आणि किरीट चक्राच्या धारव्यांवरील दाब. पिनियनची खोली व मोकळीक पातळ पत्र्याच्या चकत्या घालून वा काढून जुळवितात. मोकळीक सामान्यतः मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीच असते. नंतर दात्यांवर तेलात कालवलेला शेंदूर किंवा निळा रंग लावून चक्र फिरवितात व दात्यावर उमटलेला ठसा पाहतात. ठसा दात्याच्या मध्याजवळ पडला तर जुळणी योग्य समजावी. टोकाकडे अगर बुडाकडे सरकला तर चकत्या बदलून पुन्हा पाहावे. पिनियन खोल बसले की जोडी ओरडू लागते व काही हजार किलोमीटरांत दाते झडतात. मोजमापाची साधने असली, तरी ठसा वाचण्याचे कौशल्य अनुभवानेच येते.

या कामास लागणारे भाग मिळविण्यासाठी मुंबईत ऑपेरा हाउसजवळील नव्या सुट्या भागांची दुकाने आणि कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार प्रसिद्ध आहेत. ज्या दंतचक्रांसाठी एके काळी अमेरिकेकडे पाहावे लागे, ती आता देशातच बनतात. मुंबईजवळ मुंब्रा येथील भारत गिअर्स या कंपनीचा कारखाना त्यांच्या उत्पादनासाठी ओळखला जातो.

कायदेशीर मर्यादा : वाहनाच्या मूळ रचनेत मालकाने केलेल्या बदलांवर मोटारवाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने बंधन घातले आहे. उत्पादकाने नमूद केलेल्या व नोंदणीपत्रात दर्शविलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात स्पष्ट केले. मोठे टायर, बदललेले एंजिन किंवा वाढविलेली उंची यांचा प्रश्न त्यामुळे केवळ यांत्रिक राहिलेला नाही. आसाच्या आत केलेला बदल बाहेरून दिसत नसला, तरी त्याने वेगदर्शकाची नोंद, गतिरोधकांवरील भार व वाहनाचे संतुलन यांवर परिणाम होऊ शकतो. डोंगरवाटेवर उपयोगी पडणारी सुधारणा सार्वजनिक सडकेवर इतरांच्या सुरक्षिततेशी निगडित असते, हे लक्षात घेऊन ती करणे आवश्यक ठरते.